बाबांनी पंथ का काढला नाही?

आपली वऱ्हाडची भूमी ही पंथ-संप्रदायांची भूमी आहे. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे, ते महानुभाव मंडळींचे थोर स्थान. माधानला प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज होऊन गेले, त्यांनी मधुराद्वैत संप्रदाय सांगितला. मोझरीस तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आहे. आणि या साऱ्यांच्या आजूबाजूला आषाढी-कार्तिकीला पंढरीची वाट धरणारी गावोगावची माळकरी मंडळी.

पंथ या शब्दाचा अर्थच मुळी वाट. वाट असणे यात वाईट काही नाही. वाटेवाचून माणूस मुक्कामाला पोचेल कसा? पण त्या वाटेवर कुणी दार बसवले, दाराला कुलूप घातले आणि किल्ली एकाच माणसाच्या कमरेला अडकवली, की मग ती वाट राहत नाही, त्या माणसाचे आवार होते. धर्म कुठे संपतो आणि नुसता बुवाचा पंथ कुठे सुरू होतो हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने श्रीगाडगेबाबांचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवावे. कारण पंथ काढायला जे जे लागते ते सगळे बाबांच्या हाताशी होते, आणि तरी त्यांनी तो काढला नाही.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात शेंडगावी परटाच्या घरी झाला. वडील झिंगराजी, आई सखुबाई, आणि लेकराचे नाव डेबूजी. त्या काळी घरात कार्य निघाले की मटण आणि दारू पाहिजेच, देवाचा नवस म्हटला की बकरे पाहिजेच, असा रिवाज होता. कर्ज झाले तरी चालेल पण पंगत झाली पाहिजे! झिंगराजी त्या दारूच्या पायी लवकर गेले. मग सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूरकडे दापुऱ्यास माहेरी आली. डेबूजी मामाकडे वाढला. गुरे राखली, नांगर धरला, रात्री भजनात टाळ वाजवला. पुढे १८९२ साली कुंताबाईंशी लग्न झाले. कर्जापायी मामांची जमीन सावकाराच्या घशात गेली, तेही त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले.

मग पहिल्या मुलीचे बारसे आले. भाऊबंद जमले, मटणाची आणि दारूची वाट पाहू लागले. डेबूजीने पानात वाढले गोडधोड! मंडळी रागावली, नावे ठेवू लागली. रिवाज मोडला म्हणजे धर्म बुडाला, असे त्यांना वाटले. डेबूजीला मात्र उमगले होते की, ज्या रिवाजाने आपला बाप नेला, त्याला धर्म कसा म्हणावा? माणसाला सावरून धरतो तो धर्म. माणसाला बुडवतो त्याला कितीही जुने नाव द्या, तो धर्म नव्हे. बाबांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचे बीज या बारशाच्या पंगतीत आहे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात काठी, आणि एक फुटके मडके. त्यातच भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे. त्या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना नाव दिले. गावात शिरले की आधी खराटा हातात. दिवसभर गाव झाडायचे, आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात बसवून डोक्यातला केर काढायचा. कीर्तन म्हणजे तरी कसे? पोथी नाही, पांडित्य नाही. समोरच्या माणसालाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढायचे. देवापुढे बकरे का कापता, कर्ज काढून सण का करता, पोराला शाळेत का घालीत नाही, शिवाशिव कुणी सांगितली? अडाणी माणूससुद्धा विचार करायला लागायचा. हे नीट ध्यानात घ्या. बुवा प्रश्न बंद करतो. बाबा प्रश्न विचारायला शिकवीत.

हळूहळू माणसे हजारांनी जमू लागली. खरी परीक्षा असते ती इथेच. उपाशी साधूला मोह पडत नाही, मोह पडतो तो गर्दी जमल्यावर. लोक पाया पडायला धावत. बाबा पायाला हात लावू देत नसत, प्रसंगी काठी उगारीत. लोक मंत्र मागत. बाबा सांगत की, मला गुरू नाही आणि माझा कुणी चेला नाही. लोक पैसा ओतीत. बाबा स्वतः त्याला शिवत नसत. तो लोकांच्याच कामी लागे. चमत्काराची तर गोष्टच सोडा. अंगात येणे, गंडेदोरे, भूतबाधा यांवर कीर्तनात कोरडे ओढणाऱ्या माणसाच्या नावावर चमत्कार कसा चिकटवायचा, अशी भक्तांचीच पंचाईत झाली.

वऱ्हाडात पूर्णेच्या काठी ऋणमोचनला पौषात यात्रा भरते. नदीच्या चिखलात माणसे घसरून पडत. तेथे १९०८ साली बाबांनी घाट बांधवला. आंघोळीचे पुण्य सांगणारे पुष्कळ भेटतात. आंघोळीला जाणारी म्हातारी पडू नये म्हणून दगड वाहणारा विरळा. मग मूर्तिजापूर, पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई, जिथे जिथे गरीब माणूस उघड्यावर पडतो तिथे तिथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. लाखोंच्या इमारती झाल्या, आणि बाबा स्वतः झाडाखाली नाहीतर झोपडीत निजत. त्या इमारतींत घरच्या माणसांचा वाटा ठेवला नाही. सगळे विश्वस्तांच्या हवाली केले. १९५२ साली श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले, ते या कामासाठी.

पंढरीच्या वारीत बाबा असत, पण असत ते वाळवंटात. विठ्ठलाच्या दर्शनाला राऊळात जाण्यापेक्षा यात्रेकरूंनी केलेली घाण काढणे त्यांना जवळचे वाटे. आपल्यातल्या कित्येकांना हे खटकते, खटकू द्या. देव उंबरठ्याच्या आतच आहे असे ज्याला वाटते, त्याने चोखोबा कुठे उभे राहत हे आठवावे.

चोखोबांच्या नावाचीच गोष्ट पाहा. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना उतरायला जागा नसे, म्हणून बाबांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधवली. ही धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आता विचार करा. हिंदू म्हणून मरणार नाही असे येवल्यास १९३५ साली जाहीर केलेला हा पुरुष. तो बाबांचा शिष्य नव्हता, माळकरी नव्हता, वारीला येणारा नव्हता. पंढरपुरातली, संताच्या नावाची वास्तू त्याच्या हाती द्यायची? पंथ चालवणारा माणूस हे कधी करील काय? तो विचारील, हा आपल्यातला आहे का? बाबांनी एवढेच पाहिले की, ज्यांच्यासाठी ही बांधली त्यांच्या लेकरांना या माणसाच्या हातून विद्या मिळेल. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि ६ डिसेंबरला ते गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी बाबांनी देह ठेवला. वाटेवरच जन्म काढला, वाटेवरच गेले.

आपले स्मारक करू नका, मूर्ती बसवू नका, देऊळ बांधू नका, असे बाबांचे सांगणे होते. आणि झाले काय? अमरावतीत त्यांची समाधी आहे, त्या भागाचे नावच गाडगेनगर. चौकाचौकांत पुतळे आहेत. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. कुणी म्हणेल, मग पंथ झालाच की! आक्षेप खोटा नाही. माणसाचे मन असे आहे की, बोटाने चंद्र दाखवला तर ते बोटालाच हार घालते. शिवाय चार माणसे एकत्र आली, नियम केले, परंपरा धरली, याशिवाय कुठलेही काम टिकत नाही हेही खरे. आपले फड, आपल्या दिंड्या, आपली माळ, हे तरी दुसरे काय आहे? तेव्हा नुसती संस्था आहे म्हणून धर्म बुडाला, असे म्हणता येत नाही.

मग फरक ओळखावा कशावरून? बाबांच्या चरित्रातून मला तरी तीन खुणा दिसतात. जेथे प्रश्न विचारता येतो, जेथे पैशाचा हिशेब मागता येतो, आणि जेथून उठून गेले तरी कुणी शाप देत नाही, तेथे धर्म नांदतो. या तिन्हींपैकी एकालाही जेथे बंदी आहे, तेथे कपाळावर कोणताही टिळा असो, सावध राहावे. घरातली सून-लेक तेथे पाठवण्याआधी, शेत विकून तेथे पैसा ओतण्याआधी, एवढे तपासावे. आणि हे मोजमाप दुसऱ्याच्या मठाला लावण्याआधी आपल्या फडाला लावावे.

आजही मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाच्या उपचारासाठी दुरून आलेले गरीब रोगी आणि त्यांची माणसे उतरतात. बाबांची समाधी कुठे आहे असे कुणी विचारले, तर अमरावतीचा पत्ता अवश्य सांगावा. पण बाबा कुठे आहेत असे विचारले, तर ज्या ओसरीवर परमुलखातल्या रोग्याला पाठ टेकायला जागा मिळते, ती दाखवावी. आणि गावात यात्रा भरली की दुसऱ्या दिवशी सकाळी खराटा घेऊन निघावे.