लुई पाश्चर : श्वानदंशाच्या भयातून मुक्तीची वाट दाखवणारा शास्त्रज्ञ

दरवर्षी २८ सप्टेंबर हा दिवस जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. थोर फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांची ही पुण्यतिथी. १८९५ साली याच दिवशी त्यांचे निधन झाले. दूध निर्जंतुक करण्याच्या प्रक्रियेमुळे पाश्चर यांचे नाव घरोघरी पोहोचले असले, तरी पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर त्यांनी शोधलेला उपाय ही त्यांच्या आयुष्यातील सर्वात मोठ्या जोखमीची कामगिरी होती. रेबीज म्हणजेच अलर्क रोग. या रोगाचे भय दुहेरी असते. एक भय प्रत्यक्ष चाव्याचे आणि दुसरे केवळ स्पर्शाचे. कुत्र्याने हात चाटला, त्याची लाळ कपड्याला लागली, त्याने तोंड लावलेल्या भांड्याला हात लागला, एवढ्यानेही अनेकांची झोप उडते. कोणते भय खरे आणि कोणते निराधार, हे ओळखण्याची शास्त्रीय वाट पाश्चर यांच्या कार्यातून खुली झाली.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील दोल या गावी झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यात सैनिक होते. पुढे त्यांनी कातडी कमावण्याचा व्यवसाय पत्करला. लुई यांचे बालपण आर्ब्वा या लहान गावात गेले. १८३१ मध्ये एका पिसाळलेल्या लांडग्याने या परिसरात अनेकांना चावे घेतले. त्या काळी अशा जखमा तापलेल्या लोखंडाने डागणे हाच उपचार समजला जाई. आर्ब्वा येथील लोहाराच्या भात्यासमोर जखमी माणसांना डागले जात असताना त्यांचा आक्रोश अवघ्या आठ वर्षांच्या लुईच्या कानी पडला. डागूनही काही जण वाचले नाहीत. ही आठवण त्यांना जन्मभर विसरता आली नाही.

पॅरिस येथील एकोल नॉर्माल या नामवंत संस्थेत शिक्षण घेऊन पाश्चर रसायनशास्त्राकडे वळले. १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांवरील संशोधनाने त्यांना लौकिक मिळवून दिला. पुढे किण्वनाचा अभ्यास, सूक्ष्मजीव आपोआप निर्माण होत नाहीत याची सिद्धता, रेशमाच्या किड्यांचे रोग, कोंबड्यांचा कॉलरा आणि १८८१ मध्ये मेंढ्यांवर जाहीरपणे केलेला काळपुळीच्या लसीचा प्रयोग, अशी त्यांच्या कार्याची चढती कमान राहिली. ते वैद्य नव्हते, मात्र वैद्यकाला नवी दिशा त्यांनीच दिली.

खासगी आयुष्यात मात्र त्यांच्या वाट्याला दुःखच अधिक आले. पाच अपत्यांपैकी तीन मुली लहानपणीच दगावल्या. १८६८ मध्ये पक्षाघाताचा झटका येऊन शरीराची डावी बाजू कायमची अधू झाली. सूक्ष्मजंतूंच्या अभ्यासामुळे त्यांच्या स्वभावातही एक विलक्षण सावधपणा आला होता. हस्तांदोलन करण्यास ते नाखूश असत. जेवायला बसण्यापूर्वी पेले व थाळ्या स्वतः पुसून घेत, अशी नोंद त्यांच्या परिचितांनी करून ठेवली आहे. अप्रत्यक्ष स्पर्शातून होणाऱ्या संसर्गाची धास्ती त्यांना स्वतःलाही होती. तथापि, ही धास्ती त्यांनी संशोधनाच्या आड येऊ दिली नाही.

१८८० च्या अखेरीस पाश्चर यांनी अलर्क रोगावर संशोधन सुरू केले. पिसाळलेल्या कुत्र्याला सहकाऱ्यांनी जखडून धरावे आणि पाश्चर यांनी ओठात काचेची नळी धरून त्याच्या जबड्यातील लाळ ओढून घ्यावी, असे प्रसंग प्रयोगशाळेत घडले. लाळेच्या प्रयोगांचा परिणाम मात्र खात्रीचा नव्हता. कधी रोग होई, कधी होत नसे आणि लक्षणे दिसण्यास बराच काळ लागे. रोगाचे मूळ मज्जासंस्थेत असावे, हे ओळखून पाश्चर आणि त्यांचे तरुण सहकारी एमिल रू यांनी बाधित मेंदूचा अंश थेट दुसऱ्या प्राण्याच्या मेंदूत सोडण्याची पद्धत अवलंबिली. त्यामुळे रोग निश्चितपणे होऊ लागला. रोगाचा कारक त्यांच्या सूक्ष्मदर्शकातून कधीच दिसला नाही, कारण विषाणू ही संकल्पनाच तेव्हा स्पष्ट झालेली नव्हती. तरीही सशांच्या बाधित मज्जारज्जूचे तुकडे काचेच्या पात्रात कोरड्या हवेत टांगून ठेवल्यास त्यांची रोगकारक शक्ती दिवसागणिक क्षीण होते आणि सुमारे दोन आठवड्यांत जवळजवळ नाहीशी होते, हे त्यांनी सिद्ध केले. सर्वात क्षीण अंशापासून सुरुवात करून क्रमाने अधिक तीव्र अंश टोचत गेल्यास रोगप्रतिकारशक्ती निर्माण होईल, हे त्यांच्या उपचाराचे तत्त्व होते.

६ जुलै १८८५ रोजी आल्सेस प्रांतातून तिघे जण पाश्चर यांच्या दारी आले. नऊ वर्षांचा जोसेफ माईस्टर, त्याची आई आणि त्याला चावलेल्या कुत्र्याचा मालक. जोसेफच्या अंगावर १४ जखमा होत्या. मालकावरही त्याच कुत्र्याने झडप घातली होती व त्याचा दंड चांगलाच ठेचकाळला होता. पाश्चर यांनी त्याची तपासणी केली, तेव्हा दात कापडाच्या आत जाऊन त्वचेत रुतले नसल्याचे दिसून आले. त्यांनी त्याला दिलासा देऊन कोणताही उपचार न करता त्याच दिवशी घरी परत पाठवले. श्वानदंशाच्या इतिहासात जोसेफची कथा अजरामर झाली, परंतु या दुसऱ्या निर्णयाचे महत्त्वही कमी नाही. कुत्रा तोच, दिवस तोच आणि हल्लाही तसाच. फरक होता तो त्वचा अभंग राहिल्याचा.

जोसेफचा मृत्यू मात्र जवळजवळ निश्चित मानला जात होता. पाश्चर यांनी व्हुल्पियाँ आणि ग्रांशे या दोन वैद्यांचा सल्ला घेतला. स्वतःला वैद्यकीय अधिकार नसल्यामुळे त्याच सायंकाळी पहिली लस ग्रांशे यांच्या हस्ते टोचण्यात आली. दहा दिवसांत एकूण १३ वेळा लस देण्यात आली. अखेरच्या दिवसांतील लस अत्यंत तीव्र होती. त्या रात्री पाश्चर यांना झोप लागत नव्हती. दिवसा आशा वाटे आणि रात्री मुलाचा मृत्यू डोळ्यांपुढे उभा राही. जोसेफ मात्र ठणठणीत राहिला.

हा उपचार कितपत सिद्ध झालेला होता, यावर पुढे बरीच चर्चा झाली. पाश्चर यांच्या प्रयोगवह्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांना उपलब्ध झाल्या. नेमकी याच क्रमाने दिलेली लस कुत्र्यांवर पुरेशी पारखली गेलेली नसताना ती माणसावर वापरली गेली, असे त्यांवरून दिसते. एमिल रू जोसेफच्या उपचारापासून दूर राहिले. यश आले म्हणून ही जोखीम लहान ठरत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झ्युपिय नावाच्या १५ वर्षांच्या मेंढपाळ मुलाने लहान सवंगड्यांना वाचवण्यासाठी पिसाळलेल्या कुत्र्याशी झुंज दिली. त्याचेही प्राण वाचले. नोव्हेंबरमध्ये लुईझ पेल्तिए या दहा वर्षांच्या मुलीला मात्र चाव्यानंतर ३७ दिवसांनी आणण्यात आले. जखम डोक्याला होती आणि उशीर फार झाला होता. अपयश येणार हे दिसत असूनही पाश्चर यांनी आईवडिलांच्या विनवणीखातर उपचार केले. ती वाचू शकली नाही. मार्च १८८६ मध्ये रशियातील स्मोलेन्स्क भागातून लांडग्याने चावलेले १९ जण पॅरिसला आले. त्यांपैकी १६ जण बरे होऊन मायदेशी परतले. रशियाच्या झारने पाश्चर संस्थेच्या उभारणीसाठी एक लाख फ्रँक पाठवले. देशोदेशींच्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या या संस्थेचे उद्घाटन १४ नोव्हेंबर १८८८ रोजी पॅरिसमध्ये झाले.

पाश्चर यांच्या कार्याचे भारताशीही जवळचे नाते आहे. पूर्वी येथील दंश झालेल्या ब्रिटिश सैनिकांना उपचारासाठी थेट पॅरिसला पाठवावे लागे. १९०० मध्ये कसौली येथे आणि १९०७ मध्ये कुन्नूर येथे पाश्चर संस्था सुरू झाल्या. कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. पोटात घ्याव्या लागणाऱ्या चौदा इंजेक्शनांची जी धास्ती महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या मनात अजूनही आहे, ती याच प्रकारच्या लसीची. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस बंद झाले. आता पेशी-संवर्धनातून तयार होणारी लस दंडात मोजक्याच वेळा दिली जाते. मुंबईतील ज्या संस्थेला वाल्डेमार हाफकिन यांचे नाव आहे, ते हाफकिनदेखील पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून भारतात आले होते.

पाश्चर यांनी १८८५ मध्ये दोघांमध्ये केलेला भेद आज जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत अधिक काटेकोरपणे मांडलेला आहे. प्राण्याला हात लावणे, खाऊ घालणे किंवा अभंग त्वचेवर त्याने चाटणे यासाठी लस घेण्याची आवश्यकता नसते. ती जागा धुणे पुरेसे ठरते. रक्त न येता झालेला किरकोळ ओरखडा असल्यास लस घ्यावी लागते. त्वचा भेदणारा चावा किंवा ओरखडा, तसेच उघड्या जखमेला, डोळ्याला वा तोंडाला लागलेली लाळ यांसाठी लसीबरोबरच प्रतिपिंडद्रव्य म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. लाळेतील विषाणू शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही. साबण, ऊन आणि कोरडेपणा यांनी तो नष्ट होतो. म्हणूनच साबण व वाहत्या पाण्याने जखम किमान १५ मिनिटे धुणे हा पहिला उपचार आहे. हळद, तिखट, चुना लावणे घातक ठरते. त्वचा फाटली आहे किंवा नाही याविषयी शंका असल्यास स्वतः निष्कर्ष न काढता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणे श्रेयस्कर. लक्षणे दिसू लागल्यानंतर मात्र हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

अखेरच्या वर्षांत पाश्चर यांची प्रकृती खालावत गेली. पॅरिसजवळ, संस्थेच्या प्रयोगांसाठी कुत्रे पाळलेल्या परिसरातच त्यांनी अखेरचा श्वास घेतला. १८९६ मध्ये त्यांचे पार्थिव पाश्चर संस्थेतील समाधीत हलवण्यात आले. जोसेफ माईस्टर पुढे याच संस्थेत रखवालदार म्हणून रुजू झाला आणि १९४० पर्यंत तेथेच राहिला. खऱ्या धोक्यापुढे क्षणाचाही विलंब नको आणि धोका नसेल तेथे भयाला थारा नको, हाच पाश्चर यांच्या या कार्याचा वारसा आहे.