तारेगांनी शिकविलेली लय

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी फ्रान्सिस्को तारेगा यांची ‘रेकुएर्दोस दे ला आलांब्रा’ ही गिटारची रचना मी आठ दिवसांत पूर्ण लयीत बसवू गेलो, बोटे अडखळली. मग त्यांचे चरित्र वाचले. जन्म १८५२, स्पेनमधील व्हिलारेआल. बालपणी पाण्याच्या पाटात पडून डोळे अधू झाले. अंधत्व आलेच तर पोट भरता यावे, म्हणून वडिलांनी संगीत शिकायला पाठविले. १९०६ मध्ये उजवे अंग लुळे पडले, तरी गिटार सोडली नाही. १९०९ मध्ये बार्सिलोनात ते निवर्तले.

त्या रचनेत अंगठ्यामागोमाग तीन बोटे एकच स्वर छेडतात. आता मी मेट्रोनोम साठावर ठेवतो. चारही आघात समान पडले, तरच चार ठोके वाढवितो. संमेलन संपले, सराव आता कुठे सुरू झाला आहे.