पेडण्याचे भाऊसाहेब आणि गोव्याची जमीन

गोव्याच्या उत्तर सीमेवर, तेरेखोल आणि शापोरा ह्या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात पेडणे आहे. तेथे १२ मार्च १९११ रोजी दयानंद बाळकृष्ण बांदोडकर ह्यांचा जन्म झाला. पुढे सारा गोवा त्यांना भाऊसाहेब म्हणू लागला. त्यांच्या राजकारणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि १९६७ चा जनमत कौल वाचकांना ठाऊकच आहे. आम्ही त्या वाटेने जात नाही. ह्या माणसाच्या हयातीत गोव्याच्या भूमीचे रूप कसे पालटले, एवढेच आम्हांला पाहावयाचे आहे.

भूमी देवाने दिली हे खरे, परंतु खाजन माणसाने केले. खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीला पूर्वजांनी मातीचे बांध घातले. बांधात मानस बसविली, म्हणजे भरतीच्या जोराने मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी लाकडी दारे. आत खारे सोसणारे कोरगुट भात पिकू लागले. मात्र बांध एकदा फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि पावसाने ती माती पुन्हा गोड होईपर्यंत दोनतीन वर्षे पीक नाही. म्हणून बांधाची राखण सर्व गावाची असे. शेत कोणाचेही असो, बांध सर्वांचा.

भाऊसाहेब मात्र शेतीत रमले नाहीत. लहानसहान धंदे करीत ते खाणव्यवसायात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला लोखंड हवे होते आणि डिचोलीच्या तांबड्या डोंगरांत ते भरपूर होते. दहाबारा वर्षांतच, १९६१ पर्यंत, गोव्याची निर्यात वर्षाला साठ लाख टनांच्या आसपास गेली. एक टन खनिज काढावयाचे तर दोनतीन टन माती बाजूला टाकावी लागते. ती डोंगरउतारावर टाकली जाई, पावसाळ्यात ओहोळांतून खाली येई आणि भातशेतीवर तांबडा थर बसे. खाण खोल गेली की विहिरींचे पाणी खाली जाई. डिचोली तालुक्यातील शिरगाव ह्याचा दाखला आहे. हे सर्व एकट्या भाऊसाहेबांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परवाने पोर्तुगीज सरकारने वाटले होते आणि खाणमालकही पुष्कळ होते. परंतु त्यांची संपत्ती ह्याच मातीतून आली, हेही झाकता येत नाही. त्यांनी ती मुठीत धरून ठेवली नाही. शाळांना आणि गरजूंना त्यांचा हात सैल असे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी, २० डिसेंबर १९६३ रोजी, ते गोवा, दमण व दीवचे पहिले मुख्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या सरकारने कूळ कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याला संरक्षण मिळाले आणि खंड उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्यावर आणला गेला. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे काम हेच. गावोगावच्या मराठी शाळाही आम्ही त्याच्या मागेच ठेवू.

परंतु ह्या कायद्याला एक दुसरी बाजू निघाली. खाजनाच्या बांधांचा भार गावकरीकडून कुळांच्या संघांकडे गेला. जमीनदाराचा जाच गेला हे उत्तमच. पण त्याबरोबर बांधाकडे रात्री-अपरात्री धावून जाणारी जुनी व्यवस्थाही सैल झाली. नव्या संघांपाशी पैसा थोडा, माणसे थोडी, आणि तरुण नोकरीला गेलेले. कित्येक ठिकाणी बांध खचले. काही ठिकाणी तर मासळीच्या लोभाने ते मुद्दाम फोडले गेले आणि भाताच्या जागी खारफुटी माजली. खारफुटी वाईट नव्हे, मासळीची पिले तीतच वाढतात. पण तेथले शेत गेले ते गेलेच. हा परिणाम त्यांनी योजिला होता असे कोणी म्हणणार नाही.

त्यांच्याच राजवटीत, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, मोले, बोंडला आणि खोतीगाव ही अभयारण्ये झाली. म्हणजे एकीकडे डोंगर पोखरले जात होते, तर दुसरीकडे रान राखले जात होते. आणि दोन्ही एकाच सरकारच्या छत्राखाली.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर त्यांच्या जागी आल्या आणि १९७६ मध्ये कूळ कायद्यात दुरुस्ती होऊन कसणारा कूळ जमिनीचा मालक ठरला. खाणी त्यांच्यानंतरही वाढतच गेल्या. २०१२ मध्ये त्या थांबविण्यात आल्या आणि पुन्हा सुरू झाल्यावर, २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांचे परवाने रद्द झाले. भाऊसाहेबांची समाधी पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर, मांडवीच्या मुखाशी आहे. डिचोलीची माती घेऊन मुरगावला जाणाऱ्या बार्जेस वर्षानुवर्षे तिच्यासमोरूनच समुद्रात उतरत.