आडनावांची हरवलेली नाती जुळविणारे धर्मगुरू : फादर सिप्रियन तांगे

आपल्या धर्मग्रामातील बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही आपण शेवटची केव्हा पाहिली? अशाच नोंदवह्यांना एका धर्मगुरूने आपले अर्धे आयुष्य वाहिले आणि एका संपूर्ण समाजाला त्याचे पूर्वज परत मिळवून दिले. त्यांचे नाव फादर सिप्रियन तांगे.

१५ सप्टेंबर १८१९ रोजी कॅनडातील क्वेबेक शहरी त्यांचा जन्म झाला. तेथील सेमिनरीत शिक्षण घेऊन १८४३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे सुमारे वीस वर्षे त्यांनी रिमूस्की व इतर धर्मग्रामांत सेवा केली. लोकांच्या नोंदी लिहीत असतानाच त्यांच्यातील संशोधक जागा झाला असावा.

क्वेबेकमधील फ्रेंच भाषिक समाज सतराव्या शतकात फ्रान्सहून आलेल्या काही हजार वसाहतकारांपासून वाढला. १६६५ साली कारिन्यां-सालिएर पलटणीचे सैनिक तेथे उतरले आणि त्यांतील अनेक जण तेथेच स्थायिक झाले. सैनिकांना पलटणीत टोपणनावे मिळत. कोणी ‘ला फ्लर’ म्हणजे फूल, तर कोणी ‘सां सुसी’ म्हणजे निश्चिंत. कोणाचे टोपणनाव त्याच्या प्रांतावरून पडे. पिकार्डीहून आलेला तो ‘पिकार’. मूळ आडनाव आणि टोपणनाव यांच्यामध्ये ‘दी’ हा शब्द येई. त्याचा अर्थ ‘ऊर्फ’. अशा रीतीने ‘ह्युदाँ दी बोलिय’ हे नाव तयार झाले. पुढच्या पिढ्यांत कोणी ह्युदाँ राहिले, तर कोणी बोलिय झाले. उच्चार आणि लेखन यांमुळेही नावे पालटली. गियों घराण्याच्या काही शाखा पुढे दियों झाल्या. एकाच पूर्वजाची लेकरे परस्परांना अनोळखी झाली.

या गोंधळातून वाट दाखविली ती ख्रिस्तसभेच्या नोंदवह्यांनी. विवाहाच्या नोंदीत बहुधा वधू-वरांच्या मातापित्यांची नावे असत, आणि स्त्रीची नोंद विवाहानंतरही तिच्या माहेरच्या आडनावानेच होई. त्यामुळे पित्याच्या वंशाइतकाच मातेचा वंशही शोधता येतो. १६७९ पासून तेथे नोंदींची दुसरी प्रतही ठेवली जाऊ लागली. मात्र १६४० साली क्वेबेकचे चर्च जळाले, तेव्हा तोपर्यंतची नोंदवही भस्मसात झाली होती आणि ती स्मरणातून पुन्हा लिहावी लागली होती. कागद किती नाजूक असतो, हे त्या समाजाने पाहिले होते.

१८६५ साली फादर तांगे सरकारच्या सांख्यिकी कामावर रुजू झाले आणि त्यांनी जुन्या नोंदींची पाने एकेक करून चाळली. १८७१ साली त्यांच्या वंशावळी कोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यात १६०८ ते १७०० या काळातील कुटुंबे होती. उरलेले सहा खंड १८८६ ते १८९० या काळात निघाले. शेवटच्या खंडात त्यांनी पालटलेल्या नावांची यादीही दिली. संगणक नाही, छायाप्रत नाही. केवळ डोळे, लेखणी आणि चिकाटी.

एकट्या माणसाच्या इतक्या अवाढव्य कामात चुका राहणे स्वाभाविक होते. पुढील संशोधकांनी त्या दुरुस्त केल्या. १९८३ साली रने जेते यांचा नवा कोश आला, आणि १९६६ पासून माँट्रियल विद्यापीठाने याच नोंदवह्यांवर लोकसंख्येचे मोठे संशोधन उभे केले. तरी पाया घातला तो फादर तांगे यांनीच. रोमने त्यांना मोन्सेन्योर ही पदवी देऊन गौरविले. २८ एप्रिल १९०२ रोजी ओटावा येथे त्यांनी देह ठेवला.

प्रिय वाचकहो, कोशात नाव येण्यासाठी कोणी राजा वा सरदार असावे लागत नव्हते. ज्याचा बाप्तिस्मा झाला, विवाह झाला, दफन झाले, असा प्रत्येक गरीब शेतकरी आणि त्याची पत्नी त्यात स्थान मिळवून आहेत. धर्मगुरूने वेदीजवळ लिहिलेली एक ओळ दोनशे वर्षांनी कुणाला तरी त्याचे घर दाखविते. म्हणून आपल्या धर्मग्रामातील नोंदवह्या जपल्या पाहिजेत आणि नोंद करताना नाव अचूक सांगितले पाहिजे. आपली नातवंडे एके दिवशी त्या ओळीपाशी येऊन थांबतील.