पालवणकर बाळू

पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यात खेळपट्टी झाडणारे बाळू पालवणकर हे चर्मकार तरुण सरावासाठी साहेबांना चेंडू टाकीत. पुढे हिंदू संघाने त्यांना घेतले खरे. परंतु चहा मिळे तो मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात! १९११ साली पटियाळाच्या महाराजांच्या संघाबरोबर ते विलायतेस गेले, तेव्हा वयाची पस्तिशी आली होती. संघ बहुतेक सामने हरला. या डावखुऱ्या मंदगती गोलंदाजाने मात्र त्या एका उन्हाळ्यात ११४ गडी बाद केले. छावणीच्या मैदानावर खेळणाऱ्या आमच्या मुलांनी हा आकडा दोनदा वाचावा. परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. हिंदू संघाच्या नायकपदी त्यांची नेमणूक कधीच झाली नाही. ते पद १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.