सांगणारा एक, लिहिणारा दुसरा

नेवाशाचा पैस खांब पाहिला नाही असा वारकरी आपल्या जिल्ह्यात सापडणे अवघड. शके १२१२ मध्ये तिथे ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा. ही रीत ध्यानात असू द्या. पुढे सहाशे वर्षांनी वऱ्हाडातल्या एका अंध शेतकरीपुत्राचे सारे आयुष्य याच रीतीवर उभे राहिले. ते म्हणजे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज.

जन्म १८८१ चा. गाव माधान, अमरावती जिल्ह्यातले. वडील गोंदुजी मोहोड, घर कुणब्याचे. पोर आठ-नऊ महिन्यांचे असताना डोळे आले, कुणीतरी भलतेच औषध घातले आणि दृष्टी कायमची गेली. आजही आपल्याकडे लेकराच्या डोळ्यांत मध घाल, कसला रस पिळ, असे सल्ले देणारे कमी नाहीत. ऐकू नका. थेट आरोग्य केंद्र गाठा.

चौथ्या वर्षी आईही गेली. आजोळी, लोणी टाकळीला, आजीने वाढवले. आता तुम्हीच सांगा, अशा पोराचे त्या काळी काय व्हायचे? ओट्यावर बसवून ठेवायचे, वेळेला भाकरी द्यायची, झाले. १८८७ साली अमृतसरला मिस ॲनी शार्प यांनी अंधांची शाळा काढली तेव्हा गुलाब सहा वर्षांचा होता. मुंबईत अशी शाळा निघाली ती १९०० साली. वऱ्हाडातल्या खेड्यात ब्रेलचे नावही कुणाला ठाऊक नव्हते. भारतीय भाषांसाठी सामाईक ब्रेल ठरली तीच मुळी १९५१ मध्ये.

पण हा पोरगा ऐकायला हपापलेला. कुणी पोथी वाचू लागला की हा तिथे हजर. एकदा कानावर पडले की डोक्यात पक्के. लोक त्याला पूर्वजन्मीची पुण्याई म्हणत. असेलही. पण वाचून दाखवणारी माणसे होती, हे विसरून कसे चालेल? त्यांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत. १८९६ मध्ये लग्न झाले, मनकर्णिकाबाई घरात आल्या. फिरतीवर निघाले तरी पुस्तकांची गाठोडी महाराजांच्या बरोबर असत. ज्याला अक्षर दिसत नाही तो पुस्तके वाहतो, हे बघून काही जण हसलेही असतील.

ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवीत. ते सांगत, शिष्य लिहून घेत. मराठी, संस्कृत, हिंदी, व्रजभाषा आणि आपली वऱ्हाडीसुद्धा. लहानमोठे मिळून १३० च्या घरात ग्रंथ. त्यात वेदान्त आहे, बायाबापड्यांसाठी गाणी आहेत, मनाच्या आजारांवर मानसायुर्वेद आहे. डार्विन आणि स्पेन्सर या साहेबांचे विचारही त्यांनी दुसऱ्यांकडून समजून घेतले आणि त्यांना उत्तर दिले. पटो न पटो, खेड्यात बसून हे करणे सोपे नव्हते. शिवाय स्वतःची एक सांकेतिक भाषा आणि लिपीही त्यांनी तयार केली. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. वय फक्त ३४. पुढे काम बाबाजी महाराज पंडितांनी सांभाळले.

गुलाबरावांना वाचणारे आणि लिहिणारे भेटले ते नशिबाने. आज ते नशिबावर सोडायची गरज नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अंध मुलाला परीक्षेत लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो. ६ ते १८ वयापर्यंतचे शिक्षण मोफत आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा आहे. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी हा पैसा नुसत्या वाटपात संपवू नये. शाळेत जाणारे अंध लेकरू गावात असेल तर त्याच्या ब्रेल पाटीचा, बोलणाऱ्या मोबाइलचा खर्च त्यातून बघावा. पण आधी अशा लेकराचे दिव्यांग प्रमाणपत्र निघाले आहे का, ते तपासा. ते नसेल तर जिल्हा रुग्णालयात तपासणीला नेण्याची तारीख येत्या मासिक सभेतच ठरवून टाका.