शेरगिनची विहीर आणि मिडेंडॉर्फ

विहीर खणायची ती पाण्यासाठी. पण सैबेरियातील याकुत्स्क येथे शेरगिन नावाच्या एका व्यापारी कंपनीच्या कारभाऱ्याने १८२८ साली विहीर खणायला घेतली, ती १८३७ पर्यंत खणली जात होती. सुमारे ११६ मीटर खोल गेले तरी पाण्याचा पत्ता नाही. खाली नुसती दगडासारखी गोठलेली माती! या कोरड्या विहिरीशी १८४४ साली जो तापमापक घेऊन आला, त्या अलेक्झांडर फॉन मिडेंडॉर्फविषयी मला लिहावयाचे आहे.

त्याचा जन्म १८१५ चा, सेंट पीटर्सबर्गमधला. घराणे बाल्टिक प्रदेशातील जर्मन. दोर्पात (आजचे एस्टोनियातील तार्तू) विद्यापीठात तो वैद्यक शिकला, पण मन रमले ते प्राणिशास्त्रात आणि भटकंतीत. कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर या थोर शास्त्रज्ञाने त्याला हेरले आणि रशियन विज्ञान अकादमीच्या सैबेरिया-मोहिमेची धुरा त्याच्याकडे आली. तैमीरची जीवसृष्टी पाहणे हे एक काम. विहिरीत जमिनीचे तापमान मोजणे हे दुसरे. जमीन खोलवर कायमची गोठलेली असते, हे लिओपोल्ड फॉन बुखसारख्या नामांकित भूगर्भशास्त्रज्ञालाही पटत नव्हते. वाद मिटायचा तर आकडेच हवे होते.

विहिरीपर्यंत तो जिवंत पोचला हेच नवल. ऑगस्ट १८४३ मध्ये तैमीरच्या ओसाड मुलखात तो आजारी पडला, अन्नही संपत आले. सोबतच्या चौघांना मदत शोधायला धाडून तो एकटा मागे राहिला. अठरा दिवस! वादळ आले, बर्फ अंगावर साचला. अखेर तिथल्या भटक्या लोकांच्या मदतीने तो वाचला. दुसरा कोणी असता तर घरी परतता. हा पुढच्याच वर्षी याकुत्स्कला हजर!

विहिरीच्या भिंतीत निरनिराळ्या खोलीवर भोके पाडून त्याने तापमापक बसविले. वर थंडी अधिक, खाली कमी. तळाशी उणे ३ अंश सेल्सिअसच्या आसपास. या चढत्या क्रमावरून त्याने हिशेब मांडला की ही गोठण सुमारे २०० मीटरपर्यंत असावी. उघड्या विहिरीत हिवाळ्याची हवा उतरून भिंती अधिक गार झाल्या असतील, अशी शंका घेतली गेली, आणि ती रास्तच होती. तरी नंतर आढळलेली जाडी त्याच्या अंदाजापासून फारशी दूर नाही.

या जुन्या आकड्यांचे आज काय, असे कुणी विचारील. आज ती गोठण ठिकठिकाणी विरघळते आहे. मातीतल्या बर्फाच्या पाचरी वितळल्या की पाणी निघून जाते आणि जमीन खचते. घरे कलतात, रस्ते मोडतात. खचणे मोजायला न हलणारी खूण लागते. म्हणून खालच्या गोठलेल्या थरात खोल गज रोवून त्याच्याशी पृष्ठभागाची उंची ताडून पाहतात; तीही दरवर्षी उन्हाळा सरताना, कारण हिवाळ्यात तीच जमीन पुन्हा फुगते. आता उपग्रहावरील रडारही मदतीला आहे. पण गज कुठवर न्यावा हे ठरवायला खालच्या थंडीचा अंदाज लागतोच, आणि तो घेण्याची वाट मिडेंडॉर्फने घालून दिली.

पुढे ओखोत्स्क समुद्र, अमूरचे खोरे असा फिरून तो १८४५ मध्ये परतला. अकादमीचे सभासदत्व, प्रवासाचे जाडजूड खंड, सारे यथावकाश झाले. १८९४ साली एस्टोनियातील हेलेनुर्मे या आपल्या जहागिरीत तो वारला. शेरगिनची विहीर मात्र याकुत्स्कमध्ये अजून जपून ठेवलेली आहे.